मासा कापण्याआधी गाव विचारतात

आमच्या कट्ट्यावरच्या मंडळींपैकी कुणी केदारनाथला जाऊन आलंय, कुणी दुबईला, आणि एकजण मुलाकडे कॅनडाला जाऊन तिथल्या थंडीचे आकडे पाठ करून आलाय. या सगळ्यांची वर्णनं मी वर्षानुवर्षं मान डोलवत ऐकली. आता त्यांनी माझं ऐकावं. गेल्या आठवड्यात मी कँपातल्या जुन्या दगडी मार्केटमधल्या मासळीबाजारात जाऊन आलो, आणि एकदा नव्हे, तीनदा. नारायण पेठेतून रिक्षाने पंचवीस मिनिटं लागतात. पण आमच्या इमारतीतून तिथवर पोचलेला मी पहिलाच माणूस, तेव्हा अंतर कमी म्हणून कुणी नाक मुरडू नये.

आमच्या घरात मासा हा विषय मत्स्यावतारापुरता. बायको मात्र दाभोळच्या खाडीकाठची. नलिनी आणि मी एकाच बँकेत होतो, तिथेच जमलं. लग्न झालं आणि तिने मासे सोडले. कुणी सोड म्हटलं नाही आणि खा असंही म्हटलं नाही. मे महिन्यात माहेरी जायची तेव्हा काय खात असेल ते खात असेल. मी गेलो की सासूबाई माझ्यासाठी ओटीवर वेगळं पान मांडायच्या, वरण-भात-तूप. आत स्वयंपाकघरात सगळे हसत जेवायचे आणि मी बाहेर एकटा जावई म्हणून मिरवायचो. पुढे सासू-सासरे गेले, घर विकलं गेलं आणि मे महिन्याची वारी थांबली.

नोव्हेंबरात नलिनीला ताप आला आणि तो तीन आठवडे मुक्कामाला राहिला. ताप गेला तो जाताना तोंडाची चव घेऊन गेला. दोन महिने झाले तरी ती दोन घास खायची, "पुरे" म्हणायची आणि मी ताट उचलायचो. मऊ भात, मुगाची खिचडी, लेकीने मुंबईहून पाठवलेली सूपची पाकिटं, सगळ्याला दुसऱ्या घासाला "पुरे". बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "आता औषध संपलं. त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. पोटात अन्न गेलं नाही तर पुन्हा दवाखान्यात आणावं लागेल." मला भीती वाटत होती, अगदी स्पष्ट सांगतो. तिला रोज विचारायचो, काय खावंसं वाटतंय? "काही नाही." एका दुपारी मात्र अर्धवट झोपेत म्हणाली, "बोय मिळाली असती तर चार घास गेले असते."

जागी झाल्यावर मी विचारलं, बोय म्हणजे काय? "खाडीतला मासा," ती म्हणाली. "जाऊ द्या हो."

मी जाऊ दिलं नाही.

सोमवार

सोमवार मी विचारपूर्वक निवडला होता. रविवारी गर्दी असणार, सोमवारी निवांत बघता येईल. शिवाय मला ओळखीचं कुणी भेटू नये ही इच्छा होतीच. धुतलेली कापडी पिशवी घेतली, जी घेऊन मी मंडईत जातो तीच.

मार्केटच्या कमानीतून आत शिरलो आणि थांबलोच. काळ्या दगडाच्या भिंती, डोक्यावर दोन मजल्यांएवढं उंच छप्पर, वरच्या झरोक्यांतून तिरकं येणारं ऊन. एका बाजूला भाज्या, पलीकडे फळं, आणि वास येतो त्या दिशेने चालत गेलं की मासळीची ओळ. वास मला वाटला होता तेवढा भयंकर नव्हता. पावसाळ्यात आमच्या जिन्याला येतो त्यापेक्षा बराच बरा. पण दगडी ओटे जवळजवळ रिकामे. दोन-तीन ठिकाणी गोणपाट पांघरलेलं, एका ओट्यावर मांजर झोपलेलं. फक्त कोपऱ्यात एक बाई हिरव्या नऊवारीत मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात बर्फ आणि बर्फावर चार मोठे मासे. मी लांबून बघत उभा राहिलो.

"जवळ या की काका," बाई म्हणाल्या. "बघायला तिकीट नाय लावलेलं."

नारायण पेठेत हयात घालवलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून एकदम घरच्यासारखं वाटलं. मी जवळ गेलो. "बोय आहे का?"

"आज वार कुठला?"

"सोमवार."

"मग?"

हा "मग?" मी आमच्या पेठेतल्या दुकानांत जन्मभर ऐकलाय. एवढ्या कमी श्रमात गिऱ्हाइकाची अक्कल काढणारा दुसरा शब्द मराठीत नाही. तो मासळीबाजारातही चालतो हे मला नवीन होतं.

"सोमवारी अर्धं पुणं खात नाय," बाईंनी समजावलं. "मग आम्ही माल कशाला भरायचा? तुम्ही खाता वाटतं सोमवारचं?"

"मी कुठल्याच वारी खात नाही."

त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. "मग आलाय कशाला?"

मी सांगितलं. बायको आजारी होती, जेवत नाही, तिने बोय मागितली. त्या ऐकत होत्या, चेहऱ्यावर काही दिसू न देता. त्यांचं नाव इंदूबाई. त्यांचे आजे-पणजे मुठेच्या पात्रात जाळी टाकायचे. आता नदीत टाकण्यासारखं काही उरलं नाही म्हणून माल बाहेरून येतो. समोरचे चार मासे खडकवासल्याचे रोहू होते. मी एकदम खूश झालो. "म्हणजे आमच्या नळाचंच पाणी पितात हे!" इंदूबाई म्हणाल्या, "व्हय. पन ते पाणी येत नाय म्हणून तक्रार करत नाहीत."

बोय समुद्राची आणि खाडीची, ती ट्रकने कोकणातून येते आणि रोज येत नाही. "बुधवारी सकाळी आठच्या आत या. सांगून ठेवते. आन् काका, ही पिशवी आणू नका. गळंल."

समोरच्या इराण्याकडे जाऊन मी बन-मस्का आणि चहा घेतला. काही आणलं नव्हतं, काही चाखलं नव्हतं, पण चौसष्टाव्या वर्षी मला एक नवा प्रांत सापडला होता आणि तोही पुण्यातच.

बुधवार

सात वाजून चाळीस मिनिटांनी हजर. या खेपेला स्टीलचा डबा घेऊन, झाकणाचा.

हेच का ते ठिकाण? सोमवारी मांजर झोपलं होतं त्या ओट्यावर चांदीच्या पत्र्यासारखी चमकणारी पापलेटं रांगेत मांडली होती. निळ्या-हिरव्या पाठीचे बांगडे, हाताएवढ्या लांब सुरमया, गुलाबी बोंबलांचे ढीग, नांग्या सुतळीने बांधलेले खेकडे. त्यातल्या एकाने सुतळी सोडवून घेतली आणि माझ्या चपलेकडे कूच केलं. मी मागच्या माणसाच्या पायावर उडी मारली. लोकांच्या डोक्यांवरून थर्माकोलचे खोके येत होते, बर्फ फुटत होता, पाणी वाहत होतं, आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. मंडईत भाजीवाल्या ओरडतात त्याला मी गोंगाट समजत होतो. तो गोंगाट नव्हे, कुजबुज.

गंमत म्हणजे इथे गिऱ्हाइकाने किलो सांगण्याआधी दुसरंच विचारतात. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेला एक तरुण आला, रोहूचे कल्ले उचलून आतला लाल रंग बघितला. इंदूबाईंनी विचारलं, "गाव?" तो म्हणाला, "कोलकाता." बस्स. एवढ्यावर त्यांनी डोकं उभं चिरून वेगळं ठेवलं आणि पोटाचे तुकडे जाड केले. मग एक बाई आल्या, नर्सच्या वेशात. "गाव?" "कोट्टयम." त्यांनी घेतलेले बांगडे सुरीने बारीक आडव्या चिरा पाडून अख्खेच दिले. रत्नागिरीचा एकजण आला, त्याचं वेगळं. मी विचारलं तेव्हा इंदूबाई हात न थांबवता म्हणाल्या, "आधी गाव, मग सुरी. मासा एकच असतो, पन खानाऱ्याचं तोंड गावाकडचं असतं. एकदा चुकीचं कापलं की जोडता येत नाय."

लग्न ठरवताना गोत्र विचारतात तसं हे माशांचं. मला इतकं आवडलं की मी खिशातली वही काढून लिहून घेतलं. आणि हे लिहून घेणारा माणूस पुढच्या पाच मिनिटांत काय करून बसला ते आता ऐका.

माझी पाळी आली. इंदूबाईंनी बर्फाखालून दोन बोयी काढल्या. लांबट, रुपेरी, डोकं रुंद आणि चपटं, अंगावर मोठे खवले. पोट चांगलं फुगलेलं. "गाव?"

"नारायण पेठ."

"तो पत्ता झाला. खानाऱ्याचं गाव सांगा."

मागे गर्दी रेटत होती. आणि मला का कोण जाणे, थोडा राग आला. मी म्हणालो, "बायकोचं ना? चौतीस वर्षं झाली, नारायण पेठच आहे तिचं गाव."

इंदूबाईंनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. "बरं. मग कसं कापू?"

"अगदी स्वच्छ. डोकं नको, शेपूट नको. आतलं सगळं काढून टाका."

"गाबोळी हाय आत. दोन्हींत. ठेवू?"

गाबोळी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी पोट चिरून ती अंड्यांची पिशवी दाखवली. पिवळसर, बोटाएवढी लांब, जोडीने चिकटलेली. मला ती घाण वाटली. "नको नको," मी म्हणालो, "ते आधी काढा." माझ्या शेजारचे कोकणी गृहस्थ पुढे झुकले आणि म्हणाले, "मावशी, ते टाकत असतील तर मला द्या." त्यांना गाबोळी मिळाली, डोकीही मिळाली. जाताना ते माझे आभार मानून गेले, अगदी मनापासून. मला वाटलं, काय सभ्य माणूस आहे.

घरी नलिनी झोपली होती. मी फोनवर एका बाईंचा व्हिडिओ लावला आणि कालवण करायला घेतलं. त्या सांगत होत्या तसं सगळं केलं. फक्त शेवटी हात आपोआप गोड्या मसाल्याच्या डब्याकडे गेला, आणि तिथून, जन्माची सवय, गुळाच्या खड्याकडे. खालच्या मजल्यावरच्या लेलेबाईंनी दाराची कडी जोरात लावल्याचा आवाज आला. आमच्या इमारतीत निषेध असाच नोंदवतात.

मी ताट घेऊन गेलो. काही सांगितलं नाही. वास आला आणि तिने डोळे उघडले. ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला वाटलं मी जग जिंकलं.

तिने एक घास घेतला. चावला. आणि हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. "अहो, गूळ? माशात गूळ? आमटी केलीत बोयीची!"

दोन महिन्यांनी हसली म्हणून मीही हसलो. पण दुसऱ्या घासाला ती थांबली. तुकडे बोटाने बाजूला सारून काहीतरी शोधायला लागली. "डोकी कुठायत?"

"काढून टाकली."

"आणि गाबोळी? या दिवसांत बोयीत गाबोळी असतेच."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, त्या सभ्य गृहस्थांसकट. तिचं हसू गेलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ताटाकडे बघत राहिली. "लहानपणी त्यासाठी आम्ही भावंडं भांडायचो," ती म्हणाली. "पुरे आता."

मी ताट उचललं. ओट्याशी उभा राहून ते पातेलं बघत होतो आणि मला माझं इंदूबाईंना दिलेलं उत्तर आठवलं. तोंड गावाकडचं असतं, हे मी वहीत लिहून घेतलं होतं. आणि जिचं तोंड, तिचं गाव मी परस्पर बदलून टाकलं होतं. फार लाज वाटली.

आतून आवाज आला. "अहो, रविवारी असतो का बाजार?"

"असतो."

"मग मी येते. तुमच्यावर विसंबून काही खरं नाही."

रविवार

दोन जिने उतरायला आम्हाला दहा मिनिटं लागली. प्रत्येक वळणावर ती थांबायची, मी विचारायचो परत जायचं का, ती म्हणायची चला. लेलेबाई दारात होत्या. "कुठे निघालात एवढ्या सकाळी, नलिनीताई? दवाखान्यात?" नलिनी म्हणाली, "नाही, मासळीबाजारात." लेलेबाईंनी दार लावून घेतलं. कडीचा आवाज न होता ते दार लागलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मार्केटच्या कमानीपाशी नलिनीने माझा दंड घट्ट धरला होता. आत शिरलो, ओळीच्या तोंडाशी आलो, आणि तिने दंड सोडला. सोडून चालायलाच लागली. मी मागे, डबा घेऊन. रविवारची गर्दी, खांद्याला खांदा, आणि ही बाई, जी सकाळी पलंगावरून आधाराने उठली होती, ओट्यामागून ओटा बघत चालली होती. एका बांगड्याला बोट लावलं आणि नाक मुरडलं. दुसऱ्या ओट्यावर कोळंबी उचलून हुंगली. एका विक्रेत्याला म्हणाली, "ह्यो कवाचा हाय, कालचा ना?" तो चपापून म्हणाला, "परवाचा, ताई." चौतीस वर्षांत ही भाषा मी तिच्या तोंडून ऐकली नव्हती. बँकेत ती शुद्ध बोलायची, घरी शुद्ध बोलायची. मला आतून इतका आनंद होत होता, आणि त्यातच कुठेतरी टोचतही होतं.

इंदूबाईंनी आम्हाला लांबूनच पाहिलं. प्लॅस्टिकचा एक क्रेट पालथा घातला, त्यावर गोणपाट टाकलं. "बसा ताई. काकांनी फार दमवलं का?"

नलिनी बसली. "तुम्ही मला ओळखता?"

"बोय मागनारं माणूस आन् गाबोळी नको म्हननारं माणूस एक असूच शकत नाय," इंदूबाई म्हणाल्या. "काका बुधवारी गेले तवाच म्हटलं, आता रविवारी खानारं माणूस सोता येनार." त्यांनी मागच्या खोक्यात हात घातला आणि एक बोय बाहेर काढली. एकच. "आज दोनच आल्यात. एक सकाळीच गेली, ही बाजूला ठिवली. गाव?"

"दाभोळ. खाडीच्या काठाला."

कसं कापू हे विचारायची गरजच नव्हती. नलिनीने कल्ला उचलून आत बघितलं, पोट अंगठ्याने हलकेच दाबलं आणि मान हलवली. इंदूबाईंनी खवले उडवले, डोकं धरून ठेवलं, पोट अलगद चिरलं आणि गाबोळी न तुटता, अख्खी, तळहातावर काढली. नलिनीने ओंजळ पुढे केली. तिने ती गाबोळी स्वतः डब्यात ठेवली, मी धरलेल्या डब्यात, अगदी कडेला, दबू नये म्हणून.

निघताना मी इंदूबाईंना म्हणालो, बुधवारी चुकलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही नाय चुकला. नारायण पेठेला जसं लागतं तसंच कापून दिलं होतं." आमच्या पेठेतल्या कुणालाही हे वाक्य ऐकवा, मुकाट्याने टोपी काढेल.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली आणि मी तिच्या हुकुमाखाली राबलो. ओलं खोबरं, लसूण, लाल मिरची, धणे. आमसुलं आपल्याकडे साराला असतातच, तीच. गुळाचा डबा तिने आधीच मांडीवर घेऊन ठेवला होता. कालवण उकळायला लागलं तेव्हा मी सवयीने डाव घातला, तर ओरडली, "अहो, मोडेल! डाव घालायचा नाही. पातेलं धरून हलवा." आमच्याकडे आमटी ढवळतात, त्यांच्याकडे कालवणाला झुलवतात. मी दोन्ही हातांनी पातेलं धरलं आणि झुलवलं. गाबोळी तिने शेवटी, उकळी बसता बसता सोडायला लावली.

यावेळी ओटी नव्हती आणि वेगळं पानही नव्हतं. मी माझा दहीभात घेऊन तिच्यासमोरच बसलो. सासूबाईंच्या घरात आत हसत कसे जेवत असतील ते बघायचंच होतं मला.

ती हसली वगैरे नाही. डोकं उचललं, दोन बोटांनी उकललं, त्यातलं काय काय काढून खात होती मला कळेना. काटे ताटाच्या कडेला ओळीत लावत गेली. गाबोळीचा तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले. किती वेळ मिटलेलेच होते. दोन घास झाले. चार झाले. मी मोजायचं सोडून दिलं. ताटातला भात संपला आणि कालवण उरलं.

दोन महिन्यांची सवय, मी उठलो आणि ताट उचलायला हात पुढे केला. तिने ताट धरून ठेवलं.

"ओढू नका. भात वाढा."

भात नव्हता. मी तिच्यापुरते मूठभर तांदूळ लावले होते, रोज लावायचो तेवढेच. माझा दहीभात काही तिला चालणार नव्हता. "संपला," मी म्हणालो.

"मग लावा की," ती म्हणाली. "मी बसते."

मी तांदळाच्या डब्यात वाटी बुडवली, पूर्ण भरून घेतली, तांदूळ धुतले आणि कुकर लावला. तीन शिट्ट्या होईपर्यंत ती डावा हात ताटावर ठेवून बसून राहिली.